डावं दार

आठवडाभर अजमानच्या यार्डात मी होड्यांना अंग घालतो,
काचेचं कापड, त्यावर राळ, त्यावर पुन्हा कापड.
सुटीच्या दिवशी उम्म अल क्वैन.
तिथे खलफानच्या शेडमध्ये एक विमान आहे,
चार माणसांचं, खोक्यांतून आलेलं.
सहा वर्षांत त्याला पंख फुटले, शेपूट फुटली,
दारं तेवढी बसत नव्हती.

"तू होडीवाला," तो म्हणाला, "वाकडं तुला कळतं."

मी सुताराचा मुलगा.
दार म्हटलं की मला चौकट आठवते, कडी,
आषाढात फुगणारं फणसाचं लाकूड.
इथे उंबरठाच नाही.
बिजागरी छपराशी, दार वर उघडतं,
आणि मिटलं की पुढे एक, मागे एक
पोलादी खिळा भोकात सरकतो.
दोन्ही सरकले पाहिजेत.
एकच सरकला, तर वर गेल्यावर दार निघून जातं,
खलफान सांगतो,
न सांगता नोकरी सोडणाऱ्यासारखं.

जूनमध्ये मी चुकलो.
दुपारचे दोन, एसी बंद पडलेला,
आखलेल्या रेघेवर कानस चालवत होतो.
दार अडत होतं, म्हणून थोडं अजून.
थोडं अजून.
रात्री विमान निवलं
आणि डाव्या दाराच्या मागच्या कोपऱ्यात
करंगळीचं नख जाईल एवढी फट.

फुगलेल्या गोष्टीचं माप घेऊ नये,
बाप सांगायचा.
मला वाटलं, इथे लाकूड नाही,
म्हणजे बापही नाही.

खलफानने फटीवरून बोट फिरवलं,
कहवा ओतला, खजुराची ताटली सरकवली.
मी म्हणालो, या महिन्याचे पैसे नकोत.
तो म्हणाला, "खा आधी.
हे लाकूड थोडंच आहे. वाढव."

राळेत कापसाचा भुगा कालवला,
पिठल्याइतका घट्ट,
चिकटपट्टीचा बांध घालून कडेला लावला
आणि रात्रभर शेजारी बसलो,
तापातल्या पोराजवळ बसतात तसा.
मग पुन्हा कानस. या वेळी पहाटे चारला,
लोखंड, काच, माणूस
आपापल्या मापात असतात तेव्हा.

कोपरांच्या आत काचेची कुसळं.
देवगडहून हेमलता विचारते,
फोनवर सारखं काय खाजवताय?
दार करतोय.
कुणाच्या घराचं?
घर नाही गं, नुसतं दार.

पुढे आतली कामं. छताचं अस्तर, हवेच्या जाळ्या,
दाराचा आतला पत्रा, जो मुठीपाशी
तीनदा कापला, तरी रुसलेलाच.
मग पाण्याची परीक्षा.
मी आत बसलो. खलफानच्या नातवाने
बाहेरून पाइप सोडला.
मूठ फिरवली. टक. टक.
आणि बाहेरचं सगळं गेलं,
जनरेटर, कावळे, पोराचं हसणं,
ओठ तेवढे हलताना दिसत होते.
काचेवरून पाणी धावत होतं.
त्या कोपऱ्यावर तळवा ठेवला.
कोरडा.

खोलीत आम्ही सहाजण, तिघांची रात्रपाळी,
आमच्या दाराला कडी कधी नव्हतीच.
बावीस वर्षांत मी आतून लावलेलं
हे पहिलं दार.
लगेच उघडलं नाही.
पोरगं काचेवर टकटक करत राहिलं.

विमान उडालं तेव्हा मी यार्डात होतो,
एका होडीच्या पोटात, मास्क लावून.
संध्याकाळी फोन आला:
सगळं ठीक, पण एकशेवीसच्या पुढे गेलं
की डावं दार शीळ घालतं. बारीक.
गेलो. रबराची पट्टी, बारा दिरहम, अर्धा तास.
शीळ थांबली.

काल तोच म्हणतो,
वर आता फार शांत वाटतं.
पट्टी थोडी काढू का?

म्हटलं, काढा.
पण मागच्या कोपऱ्याला हात लावू नका,
तिथे मी येतो.